पटावरचं नाव, अंगणातली जागा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘अजून बोलत नाही, बोलायला लागला की पाठवू.’ ‘पायांवर उभी तर राहू दे, मग आणते.’ ‘जरा समज येऊ दे त्याला.’ एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका म्हणून नोकरी करताना ही वाक्यं मी इतक्या घरांत ऐकली, की कोणतं वाक्य कोणत्या घरातलं हे आता सांगता येणार नाही. कधी आई म्हणायची, कधी आजी, आणि कधी कधी आमची सेविकासुद्धा. कुणाच्याच मनात वाईट नसायचं. मूल अजून तयार नाही, तयार झालं की येईल, असा साधा हिशेब असायचा. पण मूल तयार व्हायचं ते अंगणवाडीत येऊन. घरी कोपऱ्यात बसून ते कशासाठी तयार होणार? आज मला याच वाट पाहण्याविषयी बोलायचं आहे. तीन ते सहा ही वर्षं अशी आहेत, की वाट पाहता पाहता ती संपून जातात.

मुख्यसेविका म्हणजे पंचवीसेक अंगणवाड्यांवर देखरेख करणारी बाई. आमच्या भाषेत त्याला बीट म्हणतात. माझं बीट आधी ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ साली पालघर जिल्हा झाला तेव्हा ते पालघरमध्ये आलं. वस्ती बहुतेक आदिवासी. पाडे एकमेकांपासून लांब. काही ठिकाणी अंगणवाडीची स्वतःची इमारत, काही ठिकाणी कुणाची तरी पडवी.

याच भागात ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्माला आला. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बालवाडी उत्तम होती, पण पाड्यावरची मुलं काही तिथे येईनात. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं असे, कुणाची आई उजाडताच मजुरीला गेलेली. तेव्हा या दोघींनी मुलांना बोल लावला नाही, आईबापांनाही लावला नाही. बालवाडीच उचलून त्यांनी पाड्यावरच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. थोरली मुलं गुरं चारायला रानात जात, तर त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं ३३ गटांमध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत.

हा इतिहास मी सांगते तो एवढ्यासाठी, की जास्तीच्या मदतीची गरज असलेल्या मुलांना इतर मुलांबरोबर वाढवावं, हा विचार परदेशातून आला असं आपल्याला वाटतं. जगातल्या ९२ देशांच्या सरकारांनी १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका शहरात सर्वसमावेशक शिक्षणाचा जाहीरनामा केला, हे खरंच आहे. पण मूल जसं आहे आणि जिथे आहे तिथून सुरुवात करायची, ही गोष्ट आपल्या अंगणवाडीच्या नावातच आहे. फक्त काही मुलांच्या बाबतीत आपण ती विसरलो.

किती मुलांच्या बाबतीत? २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये अपंगत्व असलेल्यांचं प्रमाण शंभरात सव्वा इतकं नोंदलं गेलं. २०१८ मध्ये देशातल्या पाच ठिकाणी केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातलं एक ठिकाण उत्तर गोवा होतं. तिथे डॉक्टरांनी मुलं प्रत्यक्ष तपासली. दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, फिट्स, स्वमग्नता, बौद्धिक वाढ हे सगळं पाहिल्यावर दोन ते सहा वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण साधारण नऊ टक्के निघालं. दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या आणि वयोगटही थोडे वेगळे, त्यामुळे आकड्यासमोर आकडा ठेवून भांडण्यात अर्थ नाही. तरी एवढं कळतं, की पंचवीस मुलांच्या अंगणवाडीत अशी दोन मुलं असायला हवीत. सेविकेनं ‘माझ्याकडे एकही नाही’ असं सांगितलं, की मी विचारायची, ‘मग ती दोघं कुठे आहेत?’

युनेस्कोनं भारतातल्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणाविषयी २०१९ साली अहवाल काढला. जनगणनेच्याच आकड्यांवरून त्यात म्हटलं आहे, की पाच वर्षं वयाच्या दिव्यांग मुलांपैकी तीन चतुर्थांश मुलं कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नव्हती. चारांतली तीन! ज्या वयात बाकीची मुलं गाणी म्हणतात, चिखलात खेळतात, भांडतात आणि पुन्हा एक होतात, त्या वयात ही मुलं घरी असतात.

घरी का असतात? आईला लाज वाटते म्हणून, असं आपण पटकन म्हणतो. लाज असतेच. ‘तुझ्याच पोटी असं का?’ हा प्रश्न सासरी तिला रोज ऐकू येत असतो. पण आया मोकळेपणानं बोलायला लागल्या की दुसरीच कारणं पुढे यायची. त्याला शी-शू सांगता येत नाही, ताई किती वेळा धुणार? घास घशात अडकला तर? पोरं त्याला ढकलतील, चिडवतील. कडेवर घेऊन एवढी चढण रोज कशी चढू? ही कारणं खरी आहेत आणि यातलं एकही उपदेशानं दूर होत नाही.

आणखी एक गोष्ट चालते. मुलाचं नाव पटावर असतं. सकाळी बहीण डबा घेऊन येते आणि त्याच्या वाटची खिचडी घेऊन जाते. कागदावर सगळं ठीक असतं. मूल मात्र वर्षभरात एकदाही अंगणवाडीच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नसतं. मुंबईत १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढणाऱ्या डॉ. मिथू अलूर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि अशा मुलांना ‘अदृश्य मुलं’ म्हटलं. गरिबातल्या गरीब मुलासाठी आखलेल्या योजनेत दिव्यांग मूल मात्र कुठेच दिसत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता वाट पाहण्यानं नुकसान काय होतं ते बघा. जन्मतः पाऊल आत वळलेलं असेल, तर पहिल्या काही महिन्यांत दर आठवड्याला प्लास्टर बदलत ते सरळ करता येतं. पुढे काही वर्षं झोपताना खास बूट घालावे लागतात, एवढंच. तेच पाऊल सहाव्या वर्षी दाखवलं तर उपचार कितीतरी अवघड होतात. बाळाला ऐकू येत नसेल, तर ते सहा महिन्यांचं होईपर्यंत उपाय सुरू व्हावेत असं तज्ज्ञ सांगतात, कारण भाषा कानातून येते. तीन वर्षं कानात शब्दच पडला नाही, तर मूल नुसतं मुकं राहत नाही. विचार करायला, हट्ट करायला, भीती सांगायला लागणारे शब्दही त्याच्यापाशी नसतात. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलेलं आहे. ‘समज येऊ दे’ म्हणून आपण थांबतो ती हीच वर्षं.

सरकारनं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आमच्या पालघरलाच झाली. त्यात डॉक्टरांचं पथक वर्षातून दोन वेळा अंगणवाडीत येऊन प्रत्येक मूल तपासतं. पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि मुलांची वर्षातून निदान एकदा तपासणी करणं ही सरकारची जबाबदारी ठरवली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. लक्षणं लवकर ओळखायची, मुलाला आणि घराला सामावून घ्यायचं, आणि पुढे योग्य ठिकाणी पाठवायचं, असे तिचे तीन टप्पे आहेत. तीन ते सहा वर्षांसाठी २०२४ साली आलेल्या ‘आधारशिला’ अभ्यासक्रमातही या मुलांचा विचार आहे.

कागद चांगले आहेत. पण साखळी तुटते ती कुठे, ते सांगते. एका पाड्यावर चार वर्षांची मुलगी होती. सगळे तिला हट्टी म्हणायचे. हाक मारली तर वळत नाही, सांगितलेलं करत नाही. सेविकेनं एक दिवस तिच्या पाठीमागे उभं राहून थाळी वाजवली. बाकीची मुलं दचकली, ही मातीत रेघा ओढत राहिली. पथकानं तपासलं, चिठ्ठी दिली. आईबाप एकदा जिल्ह्याला गेले. तिथे पुढची तारीख मिळाली. त्या तारखेला गेले नाहीत. का? दोघांची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, घरी दुसरं तान्हं आहे, आणि एवढ्या मोठ्या दवाखान्यात कोणत्या खिडकीशी उभं राहायचं हे कळत नाही. दुसऱ्या खेपेला आशाताई बरोबर गेली आणि काम झालं. पुढे कानाचं यंत्र मिळालं. महिन्याभरानं मी घरी गेले तर यंत्र ट्रंकेत, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. मौल्यवान वस्तू, मुलगी हरवेल, म्हणून आईनं जपून ठेवलं होतं! तेव्हापासून यंत्र अंगणवाडीत घालायचं, दिवसभर ठेवायचं आणि झोपताना काढायचं असं ठरलं. सेल संपला की नाही हे बघणं सेविकेनं आपल्याकडे घेतलं. तपासणी, चिठ्ठी, यंत्र हे सगळं सरकारनं दिलं होतं. त्याचा उपयोग व्हायला रोज त्या मुलीकडे बघणारं एक माणूस लागलं.

तपासणीच्या बाबतीत एक सावधगिरीही सांगायला हवी. आमच्याकडे मुलांची घरची बोली वारली असते, सेविका बोलते शाळेची मराठी. मूल गप्प बसलं की ‘बोलत नाही’ अशी नोंद होते. मी सेविकांना सांगायची, आधी त्याच्या आजीला बोलवा, तिच्याशी तो बोलतो का बघा. घरी वटवट करणारं मूल अंगणवाडीत गप्प असेल तर त्याला ओळख हवी आहे, दवाखाना नको. आणि घरीही गप्प असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. मूल वर्षाचं झालं तरी एखादा शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, नावानं हाक मारली तर बघत नाही, येत असलेले शब्द विसरत चाललं आहे, तर शेजारीण काय म्हणते ते ऐकू नका. दाखवून घ्या. काही नसलं तर उत्तमच.

आता अंगणवाडीत हे मूल आल्यावर सेविका काय करते? लोकांना वाटतं, त्यासाठी मोठं प्रशिक्षण, महागडी साधनं लागतात. माझ्या बीटमध्ये एक मुलगा होता, सेरेब्रल पाल्सी असलेला. मान धरायचा, पण बसता येत नव्हतं, हातपाय ताठ. त्याच्या वाटची खिचडीही डब्यातून घरी जायची. सेविका त्याच्या घरी गेली आणि आईला म्हणाली, ‘पूर्ण वेळ नको. फक्त गाण्यांच्या वेळी अर्धा तास आण आणि तूही बस.’ दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात त्याला बसवलं, दोन्ही बाजूंना गोधडीच्या वळकट्या लावल्या. दोन्ही भिंतींचा आधार मिळाल्यानं तो घसरत नव्हता. त्याला पहिल्यांदाच बाकीची मुलं त्यांच्याच उंचीवरून दिसली. तोवर तो जग आडवं पडून बघत होता. पुढे केंद्रातल्या फिजिओथेरपिस्टनं बसण्याची योग्य पद्धत दाखवली आणि गावातल्या सुतारानं पुढे फळी असलेली खुर्ची करून दिली. खिचडी मऊ कालवून, ताठ बसवून, छोट्या घासांनी भरवायची, आडवं ठेवून भरवायचं नाही, हे आईनं आणि मदतनीसबाईंनी तिथेच शिकून घेतलं.

तो पुढे चालायला लागला, असं मी सांगणार नाही, कारण तो चालला नाही. पण हजेरीत त्याचं नाव आलं की तो आवाज काढायचा, आणि मुलं त्याचा आवाज येईपर्यंत पुढचं नाव घेऊ द्यायची नाहीत. अर्ध्या तासाचे पुढे तीन तास झाले. त्याची आई चिकूच्या वाडीत अर्ध्या दिवसाच्या कामाला जाऊ लागली. त्याला सांभाळण्यासाठी घरी राहणारी बहीण शाळेत वेळेवर पोचू लागली. एका मुलाला जागा मिळाली आणि तिघांचा दिवस सुटला. अंगणवाडीच्या अहवालात या गोष्टीसाठी रकाना नसतो.

दुसरा एक मुलगा होता, त्याला ताटांचा आवाज सहन व्हायचा नाही. वाटप सुरू झालं की कानांवर हात ठेवून तो पळत सुटायचा. सेविकेनं तीन गोष्टी केल्या. ताटं मांडायच्या आधी त्याला हळूच सांगायचं. धान्याच्या कोठीमागे एक पोतं अंथरून त्याची शांत जागा केली. आणि प्रार्थना, गाणी, खेळ, हात धुणं, खिचडी, घर अशी दिवसाची सहा चित्रं काढून भिंतीवर लावली. एक गोष्ट झाली की ते चित्र उलटं करायचं. आता पुढे काय, हे दिसायला लागल्यावर त्याचं पळणं कमी झालं. गंमत म्हणजे त्या चित्रांचा सगळ्यात जास्त उपयोग नव्यानं येणाऱ्या, आईसाठी रडणाऱ्या मुलांना झाला. ‘घर’ हे चित्र कितीव्या नंबरावर आहे ते बघून ती गप्प बसायची! आणि कोठीमागचं पोतं कधी रिकामं नसायचं, भांडून आलेली मुलंही तिथेच जाऊन बसायची.

मुलं प्रश्न विचारतात. ‘हा असा का करतो?’ मोठी माणसं त्यांना ‘श्शू’ करतात. माझ्या मते सरळ उत्तर द्यावं. ‘त्याचे पाय ताठ आहेत, म्हणून तो बसून खेळतो.’ ‘तिला ऐकू येत नाही, म्हणून समोर येऊन बोल.’ चार वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. ‘बिचारा’ हा शब्द मात्र अंगणवाडीत नको. बिचाऱ्याशी कुणी खेळत नाही, त्याला नुसतं सांभाळतात.

विरोधही होतो. एका माता-बैठकीला एक वडील आले होते. ‘आमची पोरं त्याचं बघून तसंच करतील,’ असं त्यांचं म्हणणं. सेविका वाद घालत बसली नाही. ‘उद्या सकाळी येऊन बसा,’ म्हणाली. दोन-तीन पालक आले, बसले आणि निवळले. त्या गृहस्थांनी मात्र आपलं मूल तालुक्याच्या नर्सरीत घातलं. सगळे पटतातच असं नाही, आणि पटेपर्यंत मुलाला बाहेर ठेवायचं नसतं.

शहरातल्या श्रोत्यांनी हे सगळं पाड्यावरचं म्हणून सोडून देऊ नये. शहरातल्या कितीतरी नर्सरींमध्ये आजही ‘आमच्याकडे तशी सोय नाही, तुमच्याच मुलाच्या हिताचं सांगतो’ या गोड वाक्यानं दार बंद होतं. फी भरणारे इतर पालक काय म्हणतील ही त्यामागची खरी काळजी असते. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळांना दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो, असं २०१६ चा कायदा सांगतो. पण पहिलीच्या आधीच्या वर्गांवर देखरेख सैल आहे, आणि मूल पहिलीला पोचेपर्यंत त्याची मोलाची वर्षं गेलेली असतात.

खास शाळा नकोतच, असं माझं म्हणणं नाही. ऐकू न येणाऱ्या मुलाला खुणांची भाषा जाणणारे शिक्षक लागतात, काही मुलांना रोज उपचार लागतात. ते मिळालेच पाहिजेत. पण उपचाराची वेळ वेगळी आणि खेळायची वेळ वेगळी. आठवड्यातून दोनदा केंद्रात जाणाऱ्या मुलाला उरलेले दिवसही खेळायला सवंगडी लागतात.

आणि हे सगळं एकट्या सेविकेच्या डोक्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. तिला मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरायचं असतं, वजनं घ्यायची असतात, लसीकरणाचा दिवस असतो, गृहभेटी असतात. सोबतीला एक मदतनीस. मोठ्या सभागृहात एक दिवस बसवून स्लाइड दाखवल्या की ती तज्ज्ञ होत नाही. महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक तिच्या अंगणवाडीत येऊन, तिच्याच मुलासमोर, तिच्याच गोधडीनं कसं बसवायचं हे दाखवून गेला, तर ती कधी विसरत नाही. उरलेले दिवस ती निभावते. २०२३ ची कार्यपद्धती खरी उतरायची असेल, तर ही महिन्याची भेट नियमानं व्हायला हवी. पुढच्या तपासणीला जाणाऱ्या आईबापांचं गाडीभाडं हाही प्रश्न सोडवायला हवा. माझ्या मते इतर कोणत्याही नव्या योजनेआधी या दोन गोष्टी व्हाव्यात.

तुम्ही काय करू शकता? तुमच्या गावात, वस्तीत अंगणवाडी असेल तर एकदा जा. ‘किती मुलं पटावर आहेत?’ हे न विचारता ‘पटावरचं कोणतं मूल येत नाही?’ असं विचारा. सेविका नाव सांगेल. त्या घरी तिच्याबरोबर जा. तुमच्याकडे गाडी असेल तर तपासणीच्या तारखेला न्या. सुतारकाम येत असेल तर एक खुर्ची करा. ग्रामसभेत बसत असाल तर उंबऱ्याला एक उतार आणि स्वच्छतागृहाला एक दांडी मागा. खर्च फारसा येत नाही. आणि तुमच्याच घरात असं मूल असेल, तर अंगणवाडीत बसायला कोणतंही प्रमाणपत्र लागत नाही, हे लक्षात ठेवा. प्रमाणपत्र जरूर काढा, सवलतींसाठी ते उपयोगी आहे. पण ते येईपर्यंत थांबू नका. उद्या सकाळी मुलाला घेऊन जा, अर्धा तास बसा. ताई ‘तयार झाला की आणा’ म्हणाली, तर ‘तयार करायलाच आणलंय’ म्हणून सांगा आणि त्याला मुलांमध्ये बसवा.